रिकामी जमीन कुणाला दिसते?



सरकारी कागदात आपल्या माळाला, गुरचरणीला, झुडपी रानाला एक शब्द ठरलेला आहे : रिकामी जमीन. हा शब्द कागदावर आला की समजायचं, मागून काहीतरी येतंय. कधी रोपवन येतं, कधी तारेचं कुंपण येतं, कधी कंपनीचे मोजणीवाले येतात. आपल्याला तीच जमीन भरलेली दिसते. तिथं गुरं चरतात. पावसाच्या तोंडावर शेवळं निघतात, पुढं करटुली मिळतात. राबाचा पाला तिथलाच, सरपण तिथलंच. पण वहीत यातलं काही लिहिलेलं नसतं, म्हणून ती रिकामी.

मागच्या शिबिरात एका म्हाताऱ्या साथीनं विचारलं, "सामाईक जमिनीसाठी आपणच भांडतो काय? शहरातल्या माणसाला ती कळते तरी का?" प्रश्न बरोबर होता. त्याच्या उत्तरासाठी आज आम्ही लांबची गोष्ट सांगतो. जर्मनी देशाची राजधानी बर्लिन. तिथं शहराच्या ऐन मध्यात ३०० हेक्टरची, म्हणजे जवळपास ७५० एकरांची मोकळी जमीन आहे. तिचं नाव टेम्पेलहोफचं मैदान. ती लोकांनी मत देऊन मोकळी ठेवली.

या जमिनीनं खूप मालक पाहिले. आधी ती गावच्या शेतकऱ्यांची शेतं होती. मग राजाचं सैन्य तिथं कवायत करायला लागलं. १९२३ साली तिथं विमानतळ झाला. हिटलरच्या राज्यात मैदानाच्या कडेला छळछावणी होती, आणि लढाईच्या काळात धरून आणलेल्या मजुरांकडून तिथं लढाऊ विमानांचं काम करून घेतलं. लढाईनंतर शहराचे तुकडे झाले. १९४८ साली पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे बंद पाडल्या, तेव्हा अकरा महिने धान्य आणि कोळसा विमानानं आला. त्यातली कितीतरी विमानं याच मैदानावर उतरली. म्हणून म्हाताऱ्या माणसांचा या जमिनीवर जीव.

२००८ च्या ऑक्टोबरात विमानतळ बंद झाला. विमानं गेली, कुंपण मात्र राहिलं. लोक म्हणायला लागले, विमानतळ सरकारच्या कामाला येत नाही, मग आम्हाला आत का सोडत नाही? जून २००९ मध्ये लोक कुंपण ओलांडायला गेले, पोलिसांनी अडवलं. शेवटी मे २०१० मध्ये फाटक उघडलं. माणसं आत गेली ती जवळजवळ दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर सायकली घेऊन, पोरं पतंग घेऊन, बाया बियाणं घेऊन. काही जणांनी मिळून बाग सुरू केली. जमिनीत खणायची परवानगी नव्हती, मग लाकडी खोक्यांत माती भरून भाजी लावली. त्या बागेच्या नावात त्यांनी 'आलमेंडे' हा शब्द घेतला. जर्मन भाषेतला हा जुना शब्द, गावच्या सामाईक जमिनीचा. आपल्या गुरचरणीसारखाच. बघा, त्यांच्याकडंही ती होती. गेली, पण शब्द राहिला. आणि शब्द राहिला म्हणून माणसाला मागता आलं.

मग सरकारची योजना आली. मैदानाच्या कडांवर हजारो घरं, कारखान्या-दुकानांना जागा आणि एक मोठं ग्रंथालय. मधलं मैदान मोकळं ठेवू म्हणाले. इथं आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. बर्लिनमध्ये घरांची टंचाई खोटी नाही. भाडं गरिबाच्या हाताबाहेर चाललंय. घर मागणारा माणूस काही आपला वैरी नाही. लोकांचा प्रश्न वेगळा होता : त्यातली किती घरं गरिबाला परवडतील, हे कुठं पक्कं लिहिलंय? आज कड घेतली, उद्या मध्य घेणार नाही, हे कोण सांगणार? आपल्याला हा प्रश्न शिकवायला नको. धरणाच्या वेळीही सांगतात की पाणी सगळ्यांचं. पाणी कुठं जातं ते आपण डोळ्यांनी बघतोय.

लोकांनी मोर्चे काढले, पण तिथंच थांबले नाहीत. स्वतः कायदा लिहिला. त्या राज्यात अशी सोय आहे की पुरेशा मतदारांनी सह्या केल्या तर लोकांच्या कायद्यावर मतदान घ्यावं लागतं. पावणेदोन लाखांच्या वर सह्या गोळा झाल्या. २५ मे २०१४ ला मतदान झालं. लोकांचा कायदा एका बाजूला, सरकारी पक्षांचा दुसऱ्या बाजूला. ७ लाखांहून जास्त माणसांनी लोकांच्या कायद्याला होकार दिला, शंभरात चौसष्ट. कायद्याचा अर्थ साधा : मैदान विकायचं नाही, त्यावर बांधायचं नाही, ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं.

आता चंडोल पक्ष्याची गोष्ट ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. हा पक्षी गवतात, जमिनीवर घरटं करतो. त्या मैदानात त्याची पुष्कळ घरटी आहेत. विणीच्या महिन्यांत गवताचा तेवढा भाग अडवून ठेवतात. तिथं पाय ठेवायचा नाही, कुत्रं सोडायचं नाही. बाकी मैदानावर माणसं फिरतात. पक्षी वाचवायला माणसांना हाकलावं लागलं नाही आणि माणसं आली म्हणून पक्षी संपले नाहीत. आपल्याला मात्र कायम सांगतात, वाघ पाहिजे तर गाव उठवा. मध्येही एक वाट असते : कधी, कुठं, किती, हे नियम बसून ठरवायचे आणि पाळायचे. देवराईत कुऱ्हाड न घालणाऱ्या, कवळी मोहाची डहाळी न तोडणाऱ्या माणसाला हे नवीन नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि आमचं सांगणं खरं इथूनच सुरू होतं.

मतदानानंतर दोन वर्षंही झाली नव्हती. लढाईतून पळून आलेली हजारो माणसं बर्लिनमध्ये आली. त्यांना विमानतळाच्या मोठ्या शेडमध्ये ठेवलं. आसरा द्यायलाच पाहिजे होता. २०१६ च्या सुरुवातीला विधानसभेनं कायदा बदलून मैदानाच्या कडेला तात्पुरत्या निवाऱ्यांची मुभा दिली. कारण माणुसकीचं होतं. तरी एक गोष्ट सगळ्यांना दिसली : लाखो लोकांनी मत देऊन केलेला कायदा आमदारांनी बसल्या जागी बदलला, लोकांना परत विचारलं नाही. मग २०२३ साली नवं सरकार आलं आणि कडांवर घरं बांधायचा विषय पुन्हा वर काढला. म्हणजे कागद लोकांच्या हातात आहे, तरी राखण चालूच आहे.

यातून आम्ही काय घेतो? आपल्याकडंही कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आणि १९९६ चा पेसा. मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला, मागून आणखी पुष्कळ गावांना मिळाला. कागद मिळाला त्या दिवशी ढोल वाजला, तारपा वाजला, तो वाजायलाच पाहिजे होता. पण कितीतरी गावांत तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलाय. समितीची बैठक नाही, नियम लिहिलेले नाहीत, हद्द पोरांना माहीत नाही. मग जंगलखातं येतं आणि म्हणतं, तुमचा काही आराखडाच नाही, आम्ही रोपवन करतो. आपणच त्यांना बोलायला जागा देतो.

बर्लिनच्या माणसांकडं पिढ्यान्‌पिढ्यांचं रान नव्हतं. होती ती सिमेंटची धावपट्टी आणि गवत. तरी त्यांनी वापरायला सुरुवात केली, वापरातून नातं झालं, नात्यातून कायदा झाला. आपलं उलटं होऊ नये. नातं जुनं, कायदा हातात, आणि वापराची नोंद कुठंच नाही, असं व्हायला नको.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. येत्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक पाड्यानं आपली हद्द पायानं फिरावी. म्हातारी माणसं पुढं, पोरं मागं. कुठं काय मिळतं, कोणत्या महिन्यात, कोण आणतं, ते वहीत लिहावं. बायांना पहिलं विचारावं, कारण रानातलं निम्म्याहून जास्त त्यांनाच ठाऊक असतं. चराई कुठं बंद, कुठं चालू, तोड कुठं नाही, हे नियम आपण लिहावेत आणि मोडणाऱ्याला आपणच विचारावं, मग तो आपला भाऊ असला तरी. ठरावावर सह्या आणि अंगठे घ्यावेत. एक प्रत तहसीलला पोच घेऊन द्यावी, एक पाड्यावर ठेवावी.

मग कुणी साहेब येऊन म्हणाला की ही जमीन रिकामी आहे, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. वही उघडा आणि वाचून दाखवा.

जिंदाबाद!