गेम, ईव्हीएम आणि ई-केवायसी : पत्ते काटणार कोण?

संक्रांतीला मालेगावला घरी गेलो होतो. नाशिकवालं नाही, आमचं वाशिम जिल्ह्यातलं. पुण्याच्या ऑफिसात हे दरवेळी सांगावंच लागतं. गच्चीवर उन्हात बसलो होतो तेव्हा माझी मामेबहीण तिळाचे लाडू घेऊन आली. ती अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी सहज विचारलं, "सध्या काय चालू आहे?" आणि पुढचा तासभर ती एकटीच बोलत होती. विषय तीन होते: गेमिंग, मतदान आणि कॉम्प्युटरमध्ये मुली.

पहिल्यांदा वाटलं, हे तीन वेगळे विषय आहेत. परतताना बसमध्ये विचार केला तेव्हा लक्षात आलं की प्रश्न एकच आहे. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

गेम : पिसणारा तोच, वाटणारा तोच

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कायदा थोडक्यात असा: पैसे लावून पैसे जिंकायचा कोणताही ऑनलाइन गेम बंद. गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम चालू राहतील. या कायद्यानंतर ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांचं नावही गेलं.

याआधी सगळा वाद 'कौशल्य की नशीब' यावर चालायचा. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये म्हटलं होतं. त्याच आधारावर रमीची ॲप्स उभी राहिली. नव्या कायद्याने हा फरकच काढून टाकला.

बहीण म्हणाली, "दादा, १९६८ मध्ये पत्ते हातात होते ना? एकजण पिसते, दुसरा काटते. फोनवर काटते कोण?"

मुद्दा अगदी नेमका आहे. ॲपमध्ये पत्ते पिसतो सर्व्हरवरचा प्रोग्राम. वाटतो तोच आणि प्रत्येक डावावर कमिशन घेते त्याच प्रोग्रामची मालक कंपनी. समोर बसलेला 'खेळाडू' माणूस आहे की बॉट, हेही आपल्याला दिसत नाही. तुमच्याकडे कौशल्य कितीही असू द्या, पत्ते काटायचा हक्क तुमच्याकडे नाही.

कायद्याने हा धंदा बंद केला, पण 'आतला प्रोग्राम कोण तपासणार' हा प्रश्न बाकीच्या गेम्ससाठी तसाच राहिला. क्रेट किंवा लूट बॉक्स घ्या. पैसे भरायचे, पेटी उघडायची, बंदुकीची स्किन नशिबाने निघते. चीनने २०१७ पासून कंपन्यांना अशा पेट्यांमधली शक्यता जाहीर करायला लावली. ॲपलनेही त्याच वर्षी ॲप स्टोअरसाठी तसा नियम केला. शक्यता १ टक्का असेल तर १०० पेट्या उघडल्यावर ती वस्तू नक्की मिळेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती एकदा तरी मिळण्याची शक्यता ६३ टक्के आहे. म्हणजे शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या तिघांपैकी साधारण एकजण रिकाम्या हाताने परत जातो.

मत : पाच मशीनचं गणित

आता ईव्हीएम. यावर बोलताना घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळं हॅक होतं, दुसरी म्हणते शंका घेणारे सगळे हरलेले. बहिणीचं मत दोन्हींपेक्षा वेगळं: "मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही, म्हणून फोनसारखं दुरून हॅक होते म्हणणं चूक. पण तेवढ्यावर 'विश्वास ठेवा' म्हणणंही चूक. टेस्टिंग किती केलं ते सांगा."

तर टेस्टिंग किती होतं? बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रात ५ मतदान केंद्रं सोडतीने निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ जागा होत्या, म्हणजे १,४४० मशीन. त्यांत एकही तफावत आढळली नाही, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

१,४४० पुरेसे आहेत का? हिशोब करू. समजा एका मतदारसंघात ३०० केंद्रं आहेत आणि राज्यभर प्रत्येक ठिकाणी त्यातली फक्त ३ मशीन बिघडवली. मग १,४४० मशीन तपासूनही एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी आहे. म्हणजे 'सगळ्या राज्यात घोळ झाला' या दाव्याला ही तपासणी भक्कम उत्तर देते.

आता तेच गणित एका मतदारसंघापुरतं करा. आमचं मालेगाव रिसोड मतदारसंघात येतं. घोळ कुठल्या तरी एकाच जागेवर, ३०० पैकी ३ मशीनमध्ये झाला असेल, तर ५ मशीनच्या सोडतीत तो सापडण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. ३० मशीनमध्ये असेल तरी ४१ टक्के. निकाल शे-दोनशे मतांचा असेल तर ही जाळी फार मोठ्या भोकांची आहे.

एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के मशीनची तपासणी मागायची सोय दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला कागदी मतपत्रिकांवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबलं. अशा मतदानातून काही सिद्ध झालं नसतं, कारण महिनाभरही न झालेल्या मतदानातली माणसं आणि मतं तशीच राहतात असं नाही. पण गावकऱ्यांची मागणी मला कळते. त्यांना पत्ते काटायचे होते.

आणि खरी अडचण पुढे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. तिथे व्हीव्हीपॅट नव्हतं. राज्य निवडणूक आयोगाने ते आधीच सांगितलं होतं. म्हणजे लाखोंच्या मतदारसंघात चिठ्ठी आहे आणि जिथे नगरसेवक पाच-दहा मतांनी पडतो, तिथे चिठ्ठीच नाही. माझ्या मते ईव्हीएमच्या वादात सगळ्यात कमी बोललं गेलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

मुली : फॉर्ममध्ये कोण नाही?

तिसरा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, आता आकडे येतील, किती टक्के मुली वगैरे. तिने लाडकी बहीण योजना काढली.

सप्टेंबर २०२५ पासून या योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने स्वतःच्या आधारवर ओटीपी घ्यायचा, मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं म्हणून ही अट. पण ज्यांचे पती आणि वडील दोघंही वारले आहेत, किंवा घटस्फोट झालाय आणि वडील नाहीत, त्यांनी काय करायचं? फॉर्म पुढेच सरकत नव्हता. ओरड झाल्यावर सरकारने ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली आणि अशा बायकांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय केली.

"हा बग कोडमधला नाही," ती म्हणाली, "डोक्यातला आहे. प्रत्येक बाईमागं एक माणूस उभाच असते, असं धरून फॉर्म बनवला. एकटीनं घर चालवणारी बाई टेस्टिंगले बसवली असती तर पहिल्या दिवशी सापडला असता."

हे जगभर झालंय. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर्स तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. बुओलामविनी स्वतः कृष्णवर्णीय आहेत, आणि एका प्रोग्रामला त्यांचा चेहराच दिसत नव्हता. ज्याला चटका बसतो, तोच आधी तपासायला जातो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली. बहिणीला दुसऱ्या वर्षापासून त्याचा फायदा मिळाला. ती चांगलीच गोष्ट. पण मुलींना वर्गात बसवणं ही अर्धी वाट. प्रोजेक्टमध्ये मुलींकडे पीपीटी आणि रिपोर्ट, मुलांकडे कोड, अशी वाटणी अजून होते. माझ्या ग्रुपमध्येही झाली होती आणि तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. ती हे ऐकून काही बोलली नाही, लाडूचा डबा फक्त माझ्यापासून दूर सरकवला.

मग आपण काय करायचं?

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून सांगतो, चूक नसलेलं सॉफ्टवेअर मी आजवर पाहिलेलं नाही, माझं स्वतःचं तर नाहीच. म्हणून 'मशीनवर विश्वास आहे का?' असं कोणी विचारलं तर उलट विचारा: तपासलं कोणी, किती, आणि मला तपासता येतं का?

क्रेट उघडण्याआधी शक्यता लिहिली आहे का बघा. लिहिली नसेल तर पैसे खिशात ठेवा. मत देताना ते ७ सेकंद चिठ्ठीकडे बघा. आणि पुढच्या वेळी वॉर्डातला उमेदवार दारात आला की विचारा, आमच्या निवडणुकीत चिठ्ठी कधी येणार? कॉलेजात प्रोजेक्ट करत असाल तर फॉर्म बनवल्यावर एकदा मोठ्याने म्हणा, "यात कोण बसत नाही?" आणि कोड कोण लिहितंय तेही बघा.

पत्ते पिसणारा कितीही चांगला माणूस असू द्या, आपल्याकडे रीत आहे: काटल्याशिवाय डाव सुरू होत नाही.