रुसलेल्या प्रेषिताची टेकडी

फराळाचे ताट पुढ्यात असताना वादाचा विषय काढू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. तो मोडण्याचे काम चिरंजीव दरवर्षी इमानेइतबारे करतात. गेल्या दिवाळीत माझ्या टेबलावरचे एक पुस्तक त्यांनी चाळले आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "बाबा, या योनाच्या तीन-तीन कबरी कशा? त्यांतली खरी कुठली?"

मास्तरला उत्तर चटकन सुचले नाही, की तो गोष्ट सांगतो. मीही तेच केले.

बायबलातला योना म्हणजेच कुराणातला यूनुस. देवाने त्याला सांगितले, निनवे शहरी जा आणि तिथल्या लोकांना बजाव की तुमच्या पापांचा घडा भरला आहे. निनवे म्हणजे ॲसिरियाची राजधानी, योनाच्या लोकांचा कर्दनकाळ. गडी उलट दिशेच्या जहाजावर चढला. वादळ झाले, खलाशांनी त्याला समुद्रात टाकले, प्रचंड माशाने गिळले आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकले. एवढी गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक असते. खरी गंमत पुढेच आहे.

योना मुकाट्याने निनवेला गेला. त्याचे ऐकून राजापासून गुराढोरांपर्यंत साऱ्या शहराने उपास केला आणि देवाने शहराला क्षमा केली. झाले! आपली भविष्यवाणी खोटी पडली म्हणून प्रेषितमहाराज रुसले आणि गावाबाहेर जाऊन बसले. देवाने त्यांच्यावर सावलीसाठी एका रात्रीत वेल वाढवला आणि दुसऱ्या दिवशी तो सुकवला. योना वेलासाठी हळहळू लागला. तेव्हा देव म्हणाला, न लावलेल्या वेलाची तुला एवढी कीव येते. मग ज्या शहरात एक लाख वीस हजारांवर अजाण माणसे आणि शिवाय कितीतरी गुरे आहेत, त्याची मला येऊ नये? या प्रश्नावरच पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेलेच नाही.

या निनवेचे अवशेष इराकमध्ये, मोसूलसमोर तैग्रिस नदीच्या पूर्वतीरी आहेत. सुमारे 12 किलोमीटरचा तट आणि आत दोन टेकाडे. त्यांतल्या एकाचे नावच नबी यूनुस. तिथे आधी योनाच्या नावाचा ख्रिस्ती मठ होता. पुढे मशीद झाली आणि तिच्यात यूनुसची म्हणून कबर पुजली जाऊ लागली. प्रेषित यहुद्यांचा, मठ ख्रिस्त्यांचा, मशीद मुसलमानांची! निनवेच्या त्या उपासाची आठवण म्हणून तिकडचे ख्रिस्ती लोक आजही तीन दिवस उपास धरतात.

आता कबर खरी का? बायबल योनाला गालीलातला म्हणते. त्याची कबर तिकडे नाझरेथजवळच्या मशहद गावातही दाखवतात आणि हेब्रोनजवळ हलहूललाही. इतिहासकार यांतल्या एकीवरही सही करणार नाही. मोसूलच्या त्या मठात इ. स. 700 च्या सुमारास वारलेल्या हेनानिशो नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूला पुरले होते. त्याचीच कबर पुढे योनाची ठरली असावी, असाही काही विद्वानांचा तर्क आहे.

पण कबरीखाली दुसरेच काही होते. गेल्या शतकाआधीच्या शतकात लेयार्ड नावाच्या इंग्रजाने शेजारचे टेकाड मनसोक्त खणले. नबी यूनुसला मात्र कुदळ लावायची सोय नव्हती. तेव्हा टेकडीवरच्या एका घरमालकाला उन्हाळ्यासाठी तळघर हवे आहे, असे त्याला कळले. लेयार्डने सौदा केला : खणून मी देतो, निघेल ते माझे! निघाले ते ॲसिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या नावाचे अवशेष. 1954 मध्ये इराकी पुरातत्त्व खात्याला तिथे इजिप्तचा राजा तहार्का याच्या पुतळ्यांचे तुकडे मिळाले. ती एसरहद्दोनच्या स्वारीतली लूट. तरीही राजवाडा बहुतांशी मशिदीखालीच राहिला. भाविकांची श्रद्धा त्याच्यावर राखणीला बसली होती.

जून 2014 मध्ये 'इस्लामिक स्टेट'वाल्यांनी मोसूल घेतले आणि 24 जुलै रोजी सुरुंग लावून ही मशीद उडवली. कबरीची पूजा म्हणजे पाखंड, हे कारण. मग याच सोवळ्या मंडळींनी खाली बोगदे खणले, जुन्या वस्तू लुटण्यासाठी! जानेवारी 2017 मध्ये इराकी सैन्याने तो भाग परत घेतला. पुरातत्त्वज्ञ बोगद्यांत उतरले, तो समोर पंख असलेले दगडी बैल आणि एसरहद्दोनचे शिलालेख.

"म्हणजे बरेच झाले की! राजवाडा सापडला," चिरंजीव म्हणाले.

मला घास गिळवेना. राजवाडा कुठे पळून जात नव्हता. त्याने सव्वीस शतके वाट पाहिली होती, आणखी पन्नास वर्षे पाहिली असती. पण शत्रूच्या शहराला क्षमा झाली, या गोष्टीपुढे तीन धर्मांची माणसे जिथे मान लववत होती, ती जागा गेली. हाडे कुणाची का असेनात!

हे कसे सांगावे या विचारात मी होतो, तोच आतापर्यंत गप्प बसलेली सौ. म्हणाली, "त्या देवाने माणसांबरोबर गुरेही मोजली, हे मला फार आवडले. आपली दिवाळी नाही का वसुबारसेपासून सुरू होत?"

चिरंजीवांनी पुढची चकली उचलली. खरी कबर कुठली, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारले नाही.