फुलाची पाठ

पहिले पाऊस झाले की सह्याद्रीच्या सड्यांवर पांढरी ऑर्किडं उमलतात आणि त्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. फोटो सुरेख असतात. पाकळीवरचा थेंबसुद्धा स्पष्ट दिसतो. खाली प्रश्न एकच: हे कोणतं? पाच मिनिटांत उत्तर येतं, तेही शास्त्रीय नावासकट. ते कशाच्या आधारावर दिलं जातं? कारण ज्यावरून ओळख पटवायची, ते त्या फोटोत आलेलंच नसतं.

या पांढऱ्या ऑर्किडांतल्या हबेनेरिया या प्रजातीची मोठी खूण फुलाच्या पाठीशी असते. ओठाच्या, म्हणजे खालच्या पाकळीच्या, बुडापासून एक बारीक नळी मागे निघून खाली उतरते. तिच्यात मध असतो. ती किती लांब आहे, सरळ आहे की वळलेली, टोकाशी फुगलेली आहे का, देठासारख्या दिसणाऱ्या बीजांडकोशाहून लांब आहे की आखूड, हे बघावं लागतं. हबेनेरिया लाँगिकॉर्निक्युलाटाची नळी बोटाहूनही लांब भरते. समोरून जवळून काढलेल्या फोटोत तिची लांबी कळत नाही. फुलाच्या बाजूला बसून एक फोटो घ्यायला किती वेळ लागतो?

पानांचंही तेच. हबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं बहुधा एकच पान, तेही जमिनीला चिकटून पसरलेलं. रॅरिफ्लोरा ओल्या कातळावर वाढते आणि तिच्या बुडाशी अनेक लांबट पानं असतात. फुलं दोघींची पांढरी आणि मोजकीच. नुसतं फूल टिपलं की दोघींतला सहज दिसणारा फरक हातचा गेला. ज्याला सगळे टूथब्रश ऑर्किड म्हणतात, त्या हेनियानाची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीनं लागतात. त्यातलं एकच फूल जवळून टिपलं की तीही अनोळखी होते.

चुकीचं नाव तिथंच थांबत नाही. ते नोंदींत शिरतं. जी जात त्या पठारावर नाही ती कागदावर उगवते, आणि जी आहे ती कुणाच्या हिशेबातच येत नाही. पुढे रस्ता किंवा खाण आली की याच नोंदी चाळल्या जातात.

त्याहून वाईट म्हणजे ‘नीट ओळखायला’ म्हणून झाड उपटणं. या ऑर्किडांना मातीखाली कंद असतो. जुना कंद यंदाचं झाड पोसतो, शेजारी पुढच्या वर्षीचा भरत असतो. उपटलं की दोन्ही गेले. बीही धुळीसारखं, पोटात शिदोरी नसलेलं. मातीतली योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९६६ मध्ये आलं, तेव्हा नमुना दाबून ठेवल्याशिवाय अभ्यास होत नव्हता. आज हौशी माणसाच्या खिशात कॅमेरा असतो. त्याला उपटण्याचं कारण उरलेलं नाही.

तेव्हा यंदा सड्यावर जाल तर एका झाडाचे चार फोटो घ्या: पूर्ण झाड, बुडाशी पानं, समोरून फूल आणि बाजूनं नळी. पाय ठेवण्याआधी खाली बघा, न फुललेली रोपं तिथंच असतात. आणि एवढं करूनही जात ठरली नाही, तर नुसतं ‘हबेनेरिया’ लिहा. तेवढी नोंद खरी असते.