पाणी राखणाऱ्याचा वाटा
युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. उसाच्या सरीत मुठीने दाणे फेकायचे, मागून पाटाचे पाणी मोकळे सोडायचे. पिकाला लागला तेवढा नत्र पिकाने घेतला, उरलेल्यातला काही नायट्रेट होऊन विहिरीत आणि ओढ्यात. शेतकऱ्याला बोल लावून काय होणार? ही स्वस्ताई आपणच केली. खत वापरायला सरकार पैसे मोजते, मग वाचवायला का नको? न्यूयॉर्क शहराने हा हिशेब १९९०च्या दशकातच घातला. शहराचे बरेचसे पाणी येते कॅट्स्किलच्या डोंगरांकडून, आणि तिथे दुभत्या गाईंचे गोठे. गाई ओढ्यात उतरत, शेण थेट पाण्यात. गाळण्याचा प्रकल्प उभारायचा तर अब्जावधी डॉलर लागणार होते. त्याऐवजी शहर शेतकऱ्यांशी बोलायला बसले: ओढ्याकाठी कुंपण, गुरांना पाण्याची वेगळी सोय, शेण साठवायला पक्की जागा, सक्ती नाही, आणि खर्च शहराचा. ते पाणी आजही गाळणी प्रकल्पाविना, नुसते निर्जंतुक करून नळाला येते. आपल्याकडे २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना आली. रासायनिक खत कमी वापरले की वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा, पण तो राज्याला! माती तपासून दोन गोण्या कमी टाकणाऱ्या, ओढ्याकडेला गवताचा पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे जमा व्हायला हवेत. त्यात खाली नदीतून पाणी उचलणाऱ्या महापालिकांनीही भर घालावी, आणि पहिला हप्ता लागवडीआधी द्यावा, कारण उतारा घटण्याची भीती तेव्हाच असते.