योग : श्वासरोगात आधार, पर्याय नव्हे

आषाढाचे ढग भरून आले की तमकश्वासाचे रुग्ण आपल्या दारी वाढू लागतात. मेघ, वर्षा, शीत आणि पूर्वेचा वारा यांनी ही व्याधी बळावते, हे चरकाचार्यांनी नोंदविलेच आहे. अलीकडे मात्र या रुग्णांत एक वेगळा वर्ग आम्हांस दिसतो. योगवर्गास जाऊन काही महिने बरे वाटले, म्हणून यांनी पंप परस्पर बंद केलेला असतो आणि आता त्यांना रात्र बसून काढावी लागते. काहींना तसा सल्ला आपल्यापैकीच कोणी दिलेला असतो. हे मान्य करताना संकोच वाटतो. पण ते मान्य केले पाहिजे.

योगाची उपयुक्तता आम्हांस वादाची वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. डॉ. नागरत्ना व डॉ. नागेंद्र यांनी १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, योग शिकलेल्या दम्याच्या ५३ रुग्णांची तेवढ्याच इतर रुग्णांशी तुलना प्रसिद्ध केली. योग करणाऱ्यांत दम्याचे वेग व औषधांची गरज अधिक घटली. २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने १५ चाचण्यांतील १,०४८ रुग्णांचा आढावा घेतला. लक्षणे व जीवनमान यांत अल्प सुधारणा संभवते, असे त्यात दिसले. फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नव्हते. लाभ आहे, पण तो पंपाची जागा घेण्याइतका नाही.

आपले शास्त्र याहून निराळे काय सांगते? तमकश्वास याप्य आहे. नवीन असेल तरच साध्य. याप्य व्याधीच्या रुग्णास सुश्रुतांनी कोसळू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेल्या टेकूने ते उभे राहते. योग हा असाच एक टेकू होय. नवा टेकू लावताना जुना काढून घेणे कोणत्या शास्त्रात बसते?

दुसरी बाब तारतम्याची. तमकश्वासी आडवा होताच घुसमटतो आणि बसल्यावर त्यास बरे वाटते, हे आपण सर्वजण पाठ करून आलो आहोत. तरीही वेगाच्या वेळी त्यास शवासनात निजविले जाते. कपालभाती हठप्रदीपिकेत षट्कर्मांतील शोधनक्रिया म्हणून येते. ती कृश, वृद्ध वा सीओपीडीच्या रुग्णास सरसकट देणे अनुचित होय. अयुक्त अभ्यासाने हिक्का, श्वास व कास उद्भवतात, असा इशारा त्याच ग्रंथाने दिला आहे. वेग शमल्यावर, खुर्चीत टेकून बसून, कुंभकाविना सावकाश रेचक, एवढ्यापासून आरंभ करावा.

वैद्यांनी केसपेपरवर रात्रीची जाग, पंपाचा वापर व पीक फ्लो मीटरचा आकडा नोंदवावा. औषध कमी करावयाचे झाल्यास ते या नोंदी पाहून आणि पंप लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या विचारानेच व्हावे. औषधविक्रेत्या बंधुभगिनींना तर आपल्याला न दिसणारी गोष्ट दिसते. रोजचा प्रतिबंधक पंप नेणे सोडून जो रुग्ण तात्काळ आरामाचा पंपच वारंवार नेऊ लागला, त्याचा दमा ताब्यात नाही, असे समजावे. काउंटरवर त्याची दोन शब्दांनी विचारपूस करून त्यास चिकित्सकाकडे धाडावे.

‘योगाने पंप सुटला’ ही कथा ऐकावयास गोड आहे. परंतु मध्यरात्री दम कोंडेल, तेव्हा रुग्णाच्या उशाशी पंप असलाच पाहिजे, आणि तसे त्यास निक्षून सांगणे हे आपले काम आहे.