अनुभवाचे माप आणि आपली नोंदवही

आमच्या औषधशाळेत गेली २४ वर्षे तैलपाकाच्या भट्टीवर एक कारागीर काम करीत आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात. शिक्षण बारावीपर्यंत. कल्काची वर्ती वळून ती अग्नीवर धरण्यापूर्वीच, केवळ फेस आणि वास यांवरून, पाक मृदू आहे की मध्यम हे ते सांगतात. पुढे वर्तिपरीक्षा होते आणि बहुधा त्यांचेच म्हणणे खरे ठरते. आमच्याकडे उमेदवारीस आलेल्या अनेक तरुण वैद्यमित्रांनी खरपाक कसा टाळावा हे मामांजवळच उभे राहून शिकून घेतले आहे.

दोन वर्षांपूर्वी मामांनी औषधनिर्मितीच्या एका पदविका अभ्यासक्रमाची चौकशी केली. उत्तर मिळाले की, पूर्वानुभव जमेस धरण्याची तरतूद नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ हजर राहावे लागेल. वेतन बुडवून क्वाथ उकळण्याचे धडे घेणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी तो विचार सोडून दिला.

त्या संस्थेवर आम्ही प्रथम रागावलो. पुढे आमच्या लक्षात आले की, या प्रकरणात आमचाही वाटा आहे. मामांनी आमच्याकडे अनुभवाचा दाखला मागितला होता. लिहावयास बसलो तेव्हा रुजू झाल्याची तारीख आणि वेतनपत्रक यांपलीकडे आमच्यापाशी काहीच नव्हते. कोणते कल्प त्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, किती पाक बिघडले, ते का बिघडले, याची नोंद कोठेही नव्हती. निर्मितीच्या नोंदवहीत औषध होते, वजन होते, दिनांक होता. सही मात्र आमची होती. २४ वर्षांत मामांचे नाव त्या वहीत एकदाही आले नव्हते.

वास्तविक आपल्या शास्त्राला ही गोष्ट परकी नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्याला, म्हणजे परिचारकाला, स्वतंत्र स्थान दिले आणि त्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान व दक्षता यांची गणना केली. वैद्याच्या गुणांतही शास्त्रज्ञानाच्या जोडीला दृष्टकर्मता सांगितली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर छेदनकर्माचा सराव करावा असे सांगितले आहे. कर्म हाताने करून शिकावे लागते आणि ते परीक्षेस उतरावे लागते, या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत एकत्रच येतात.

आज शासकीय धोरणानेही ही वाट मोकळी केली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाच्या मान्यतेचा समावेश झाला. २०१६ ते २०२० या टप्प्यात तर कामगाराचे मूल्यमापन मालकाच्या आवारातच करण्याची सोय ठेवण्यात आली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२१ मध्ये, श्रेयांक बँकेची स्थापना झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला १२०० अध्ययन तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांस एक श्रेयांक, असे प्रमाण ठरविले आणि कामाच्या अनुभवालाही श्रेयांकांच्या कक्षेत घेतले. मात्र अट एकच, मूल्यमापनाची. नुसते तास भरले म्हणून श्रेयांक मिळत नाही.

ही अट आम्हांला अत्यंत योग्य वाटते. एखादा सहायक २० वर्षे अभ्यंग करीत असेल. पण कोणत्या अवस्थेत स्नेहन थांबवून वैद्यांना बोलवावे हे त्याला कळत नसेल, तर त्याची वर्षे पुष्कळ झाली, शिक्षण मात्र पहिल्या वर्षापाशीच थांबले, असे म्हणावे लागेल. उलट दुसरा पाच वर्षांत तयार होतो. म्हणून वर्षे मोजून श्रेयांक वाटणे हा अनुभवाचाही अपमान ठरेल.

येथे एक सीमारेषा स्पष्टपणे आखली पाहिजे. आम्ही बोलत आहोत ते औषधनिर्मितीतील कारागीर, पंचकर्म सहायक आणि औषधविक्रीतील जाणकार कर्मचारी यांच्याविषयी. चिकित्सेचा अधिकार हा निराळा विषय आहे. १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद कायद्यात, ज्या राज्यांत नोंदवही नव्हती तेथे पाच वर्षे व्यवसाय करीत असलेल्यांना संरक्षण देण्यात आले होते. परंतु ती त्या संक्रमणकाळाची गरज होती. तो कायदाही आता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायद्याने त्याची जागा घेतली आहे. अनुभवाच्या श्रेयांकांची शिडी लावून कोणी चिकित्सकाच्या आसनावर चढू पाहील, तर त्यास प्रथम विरोध आम्हीच करू.

आक्षेप दोन आहेत. पहिला, खोट्या दाखल्यांचा बाजार भरेल. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे कागदापेक्षा कर्माची परीक्षा. परीक्षकासमोर घृत आणि तैल सिद्ध करावे. एकात फेस शांत होतो आणि दुसऱ्यात उठतो, हे का, ते सांगावे. अवलेहाचा पाक तंतूवरून ओळखावा. भस्माची वारितर व रेखापूर्ण परीक्षा करून दाखवावी. खोटा दाखला भट्टीपुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप आपण उघड बोलत नाही. पदविका हाती आली की कारागीर वेतन वाढवून मागेल किंवा सोडून जाईल, हे आपल्या मनात असते. आमच्याही मनात ते होते, हे कबूल करतो. परंतु ज्याच्या हातावर आपल्या औषधाचा लौकिक उभा आहे, त्याला अज्ञात ठेवूनच तो टिकणार असेल, तर तो लौकिक फार कच्चा आहे. शिवाय आपली मुले या भट्टीकडे का वळत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे. ज्या कामाला नाव नाही, त्याचा वारसा कोण घेईल?

संघटनेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक औषधशाळेने व पंचकर्म केंद्राने आपल्या सहायकांची वैयक्तिक कर्मनोंद ठेवावी. तीत कर्म, संख्या, देखरेख करणारा वैद्य आणि झालेल्या चुका लिहाव्यात. संघटनेने या नोंदीचा एकच नमुना तयार करावा. आणि रसशास्त्र-भैषज्यकल्पना व पंचकर्म या विषयांच्या अध्यापकांना सोबत घेऊन मूल्यमापनाच्या कसोट्या ठरवाव्यात, त्या अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थांपुढे ठेवाव्यात. कसोट्या आपण ठरविल्या नाहीत, तर ज्यांनी कधी कल्क वाटला नाही असे लोक त्या ठरवतील.

आमच्या औषधशाळेत ही नोंद आम्ही सुरू केली आहे. मागील वर्षांची भरपाई त्यामुळे होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आता निर्मितीच्या वहीत प्रत्येक पाकाखाली दोन सह्या असतात, आणि पहिली मामांची असते. पुढील सर्वसाधारण सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना व औषधी निर्मात्यांना आमची आग्रहाची विनंती आहे.