पाणभुंगेऱ्याचें लक्षण

नवा प्राणी सांपडला असें म्हणणें सोपें. त्याचें लक्षण बांधणें कठीण. २०१८ सालीं पुण्याचे प्रा. हेमंत घाटे व त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्रांतील 'कोपेलेटस' प्रजातीच्या पाणभुंगेऱ्यांच्या तीन नव्या जाती प्रसिद्ध केल्या. पंखांच्या कवचाखालीं हवा सांठवून बुडी मारणारे हे इवले कीटक वरून बहुधा सारखेच दिसतात. म्हणून नराचें जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून भेद ठरवितात व एक नमुना प्रमाण म्हणून कायमचा जपतात. लक्षणांतून आपला एकहि सुटूं नये, परका एकहि शिरूं नये; अव्याप्ति-अतिव्याप्तीचा तर्कशास्त्रांतील हा नियम येथेंहि लागू आहे. आमच्या तिवशाच्या शिवारांतील एखादें डबकें बुजलें तर कोणी हळहळत नाहीं. कारण ज्याला नांव नाहीं, त्याचा नाशहि कोणाच्या गणतींत येत नाहीं. मुलांनीं पावसाळ्यांत अशीं डबकीं निरखावीं, असें आम्ही सुचवितों.